लांबून वाचता येईल असं

पहिल्या टॅटूवाल्याने आईच्या हातातून कागद घेतला, वाचला आणि हसला.

मोठ्याने नाही, नाकातून. मी तेव्हा त्याच्या भिंतीवरचं एक चित्र बघत होतो. कवटीच्या डोळ्यातून नाग बाहेर येत होता, आणि मुळात तो आत कुठून शिरला असेल, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यामुळे कागदावर काय लिहिलंय ते मला दिसलं नाही. हसणं मात्र ऐकू आलं.

"काकू, खरं सांगा," तो म्हणाला, "पैज लागलीय का कुणाशी?"

आईने त्याच्या हातातून कागद काढून घेतला. त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि जिना उतरायला लागली. माझी बोटं अजून डिझाइनच्या अल्बममध्ये होती.

"हा नाही," खाली आल्यावर ती म्हणाली.

"का?"

"हात घाण आहेत त्याचे."

"ग्लोव्हज होते, आई."

"आतून."

मी स्कूटर चालू केली. याला आता नऊ वर्षं झाली. मी बावीसचा होतो, इंजिनीअरिंगचे चार विषय माझ्याकडे आणि मी त्यांच्याकडे बघत घरी बसलो होतो, आणि पंचेचाळीस वर्षांची माझी आई आठवड्याच्या आत हातावर नाव गोंदवून घ्यायला निघाली होती. कराडात असा ड्रायव्हर दुसरा कुठला मिळणार.

झालं होतं असं. आदल्या रविवारी आईच्या माहेरच्या एका भाच्याने कुटुंबाच्या ग्रुपवर तारुखवाडीच्या शाळेच्या मेळाव्याची पत्रिका टाकली. सत्त्याऐंशी सालची दहावीची बॅच तीस वर्षांनी भेटणार होती. पत्रिकेत खाली एक चौकट होती. दिवंगत सवंगड्यांची. चौकटीत पाच नावं होती आणि त्यातलं तिसरं आईचं होतं.

मी त्या ग्रुपमधून दोन दिवाळ्यांपूर्वीच बाहेर पडलो होतो, त्यामुळे पत्रिका मी पाहिली नाही. भाच्यानेही नावाकडे नीट बघितलं नसावं. त्याने खाली हात जोडलेले टाकले होते.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे तुम्हाला सांगायला नको. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ते पाठ करायचं. आई त्या ताटातून वैजयंती लोकरे म्हणून उठली. शाळेतली मुलगी मागे राहिली. आता तिच्या वर्गातल्यांनी फेसबुकवर, बँकेत, ग्रामपंचायतीत तीन महिने जुन्या नावाने तिला शोधलं होतं. मामा हडपसरला, गावातल्या घराला कुलूप. जी सापडत नाही ती गेली, असा त्यांनी सरळ हिशोब केला होता.

"अगं, मग बरंच झालं की," अण्णा म्हणाले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि जळालेल्या मोटरींशी दिवसभर बोलून त्यांना वाटतं आपण विनोदी आहोत. "मेलेल्या माणसाला डबा करावा लागत नाही."

आईने लाटणं खाली ठेवलं. त्या दिवशी डबा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही झाला नाही. अण्णा दोन्ही दिवस दुकानात मिसळ खाऊन आले आणि पोट धरून बसले.

"त्यांना फोन कर आणि सांग, मी जिवंत आहे म्हणून," मी म्हणालो.

"कोण म्हणून सांगू?"

मी पुढे केलेला फोन तिने परत माझ्याकडे सरकवला.

"मी रविवारी जाणार," ती म्हणाली. "आणि माझं शाळेतलं नाव हातावर लिहून जाणार. कुणी विचारायला नको, मी सांगायला नको."

"काय होतं शाळेतलं नाव?" मी विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मामाकडे तिला सगळे आक्का म्हणायचे. मला वाटायचं, तेवढंच असेल.

आईने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पंख्याकडे.

"वैजू, आता ते कशाला," ते म्हणाले. "मी दिलं ते नाव काय वाईट होतं? आमच्याकडं सहा जणी आल्या, सगळ्या संगीता नाहीतर सुनीता झाल्या. मी आठ दिवस शोधून काढलं होतं. वैजयंती."

"शोधलंत. मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं त्यात? तुझं आधीचं नाव..." ते थांबले. "पोरासमोर नको."

"पोराला बावीस वर्षं झाली."

"म्हणून तर नको."

एवढ्यावर दोघं उठले. माझ्या घरात भांडणं अशीच संपायची. कुणी हरायचं नाही, फक्त खुर्च्या रिकाम्या व्हायच्या.

तर मंगळवारी तो नाकातून हसणारा झाला. बुधवारी मी तिला विद्यानगरला नेलं.

हा माझ्या मित्राने सुचवलेला होता. केसांचा बुचडा, गळ्यात रुद्राक्ष, स्टुडिओत उदबत्ती. भिंती पांढऱ्या. नाग नाही, कवटी नाही. मला वाटलं, हा आईला आवडेल. त्याने आम्हाला ग्रीन टी दिला, आणि आईने तो चव न घेता संपवला. माझ्या मते तो संपवायचा तोच एक मार्ग होता.

"टॅटू हा प्रवास असतो, काकू," तो म्हणाला.

"रविवारी सकाळी नऊला निघायचंय," आई म्हणाली. "पाटण रोडने."

तिने कागद दिला. मी मुद्दाम वाकून बघायला गेलो, तशी तिने पर्स आड धरली. त्याने वाचलं. मग डोळे मिटले. एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि दुसरा आईच्या खांद्यावर ठेवायला निघाला, पण आईचं तोंड बघून तो हात वाटेत कुठेतरी थांबला. त्याने डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"काकू, तुम्ही किती सोसलंय," तो म्हणाला. "हे नुसतं लिहायचं नाही. मी याच्यातून पक्षी काढतो. हे शेवटचं अक्षर आहे ना, ते विरघळतं आणि त्याचे पक्षी होतात. पिंजरा इथे, मनगटाशी. उघडा. आणि आपण याचा एक छोटा व्हिडिओ करू. तुम्ही फक्त खिडकीतून बाहेर बघायचं."

"पक्षी नकोत," आई म्हणाली.

"एकच?"

"कागद द्या."

तो देईना. त्याला त्या कागदाबद्दल काहीतरी वाटायला लागलं होतं. शेवटी आईने कागदाचं एक टोक धरलं आणि शाळेतल्या बाई मुलाच्या हातातून गोट्या काढतात तसा तो काढला.

ह्या वेळी जिना नव्हता, त्यामुळे तिला राग काढायला जागा मिळाली नाही. ती सरळ चालत सुटली. मी स्कूटर ढकलत मागे. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी तिला गाठलं.

"आता ह्याचं काय चुकलं?" मी म्हणालो. माझाही आवाज चढला होता. दोन दिवस मी ऊन खात होतो. "स्वच्छ होता. सुया नव्या होत्या. बोलायला चांगला होता. हसला नाही."

"रडला."

"मग रडला तर काय झालं?"

"माझ्या नावावर तो का रडतो? मी तीस वर्षांत रडले नाही, आणि हा ग्रीन टी पिऊन रडतो."

"मग तुला पाहिजे कसा माणूस?"

"लिहिणारा," ती म्हणाली. "लिहिणारा पाहिजे. मी रांगोळी घालायला बोलवत नाहीये त्याला."

रसवाला आमच्याकडे बघत होता. मी दोन ग्लास सांगितले, कारण भांडताना हातात काही असलं की बरं असतं.

"मला नाव सांग," मी म्हणालो. "मी सांगतो कुणी चांगलं लिहील ते. मलाही टॅटू आहे. मला कळतं त्यातलं."

तिने माझा हात धरून उलटा केला. तिथे माझ्या मनगटाच्या वर 'आई' लिहिलेलं आहे. अकरावीत असताना केलेलं. गोलाकार अक्षरं, बाजूला बदाम. कॉलेजात माझ्या बाकावर बसणाऱ्या तिघांच्या हातावर हेच होतं, आणि आम्हाला त्यात काही विचित्र वाटायचं नाही.

"हे कुणाचं नाव आहे?" तिने विचारलं.

"तुझं."

"हे नाव नाही. हे काम आहे." तिने हात सोडला. "तुझ्या त्या मित्राच्या हातावर पण हेच आहे ना? मग त्याच्या आईलाही लागू पडेल. रसवाल्याच्या आईलाही लागू पडेल."

रसवाल्याने मान खाली घालून लिंबू पिळलं.

मला खूप राग आला. त्या 'आई'साठी मी अकरावीत दोन दिवस तापाने झोपलो होतो, आणि तिने तेव्हा माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. त्या वेळी ती काही बोलली नव्हती. मी ग्लास तसाच ठेवला. घरी अण्णा म्हणाले, "झालं का?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "नाही." सबंध आठवड्यात आमचं दोघांचं एवढंच एकमत झालं.

गुरुवारी मी तिला भाजी आणायला मंडईत घेऊन गेलो होतो. टॅटूचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. परत येताना तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

"थांब."

उजव्या हाताला एक गाळा होता. दारात ट्रकच्या आणि रिक्षाच्या नंबरप्लेटा टांगलेल्या, आत रेडियमचे गुंडाळे. पाटीवर लिहिलं होतं: दस्तगीर आर्ट्स. नंबरप्लेट, रेडियम, टॅटू. 'टॅटू' हा शब्द नंतर घातलेला होता, पण अक्षर इतकं जुळवून काढलं होतं की रंगाचा फरक नसता तर कळलं नसतं.

"आई, हा नंबरप्लेट करतो."

"दिसतंय."

"हा ट्रकवर लिहितो."

"मग त्याला वळणदार येत असेल."

दस्तगीरभाई पन्नाशीचे असतील. चष्म्याला दोरी, अंगात बनियन आणि त्यावर स्वच्छ पांढरा एप्रन. ते एका रिक्षाच्या प्लेटवर शेवटचा आकडा भरत होते. तो पूर्ण होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही. पूर्ण झाल्यावर हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत, ऑपरेशनला निघाल्यासारखे.

"बोला, ताई."

"नाव लिहायचंय. हातावर."

"शुगर आहे?"

"नाही."

"रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे?"

"नाही."

"जखम लवकर भरते?"

"भरते," आई म्हणाली. "भरतेच."

"दारू घेतलीय का?"

"सकाळी अकरा वाजता?"

"विचारावं लागतं," दस्तगीरभाई म्हणाले. "परवा एकजण बैल काढून गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडायला आला, म्हणे मी वाघ सांगितला होता."

आईने पर्स उघडली आणि कागद त्यांच्या हातात दिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे. त्या दोन दिवसांत ती काय करत होती हे मला तेव्हा कळलं. सुया, ग्लोव्हज, भिंती, अल्बम यातलं तिने काहीच बघितलं नव्हतं. कागद वाचताना माणसाचं तोंड कसं होतं, तेवढंच ती बघत होती.

दस्तगीरभाईंनी कागद वाचला. त्यांचं तोंड रिक्षाचा नंबर वाचताना होतं तसंच राहिलं.

"केवढं पाहिजे?" ते म्हणाले. "जवळून वाचायचं की लांबून?"

आईने श्वास सोडला. "स्टेजवर उभी राहिले तर खाली बसलेल्यांना."

"मागच्या रांगेला पण?"

"मागच्या रांगेला तर खासच."

त्यांनी टेप काढला आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात मोजला. "तीनच अक्षरं आहेत. मोठी बसतील. ट्रकच्या फळ्याला देतो तसं ठसठशीत देतो. फुलं, वेल, काय पाहिजे?"

"काही नको."

"बरं. त्याने वाचायला अडचणच होते."

आई खुर्चीत बसली. खुर्ची सलूनमधून आणलेली होती, डोकं टेकायला जागा असलेली. तिने पदर खोचला. त्यांनी आमच्यासमोर सुईचं पाकीट फोडलं, शाई नव्या टोपणात ओतली, हात पुसला, जांभळ्या अक्षरांचा कागद त्यावर दाबला आणि हळूच सोलून काढला.

आणि मी वाचलं.

नकुसा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात तिसरी, चौथी मुलगी झाली की हे नाव ठेवायचे. नको असलेली. पुढच्या वेळी तरी मुलगा द्यावा म्हणून देवाकडे केलेली लेखी तक्रार. आणि तक्रारीचा तो अर्ज पुढे शाळेत जायचा, खेळायचा, जेवायचा.

"आई," मी म्हणालो. "हे नको."

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अक्षर बिघडलंय?"

"नाही. अक्षर चांगलं आहे."

"मग?"

"आई, हे पुसता येतं अजून. जांभळं आहे नुसतं. दुसरं काहीतरी लिहू. वैजयंती लिहू. नाहीतर... आक्का लिहू. हे लोक वाचतील."

"वाचायलाच लिहितात," ती म्हणाली.

"पण हे शिवी दिल्यासारखं आहे."

"मला दिली होती ना? तुला कुठं लागली?"

"मला वाईट वाटतं म्हणून सांगतोय."

"एक हसला," आई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की घरात अण्णासुद्धा चप्पल घालायचे. "एक रडला. तू तर सरळ पुसायलाच निघालास. तिघांत वाईट तू." आणि दस्तगीरभाईंना म्हणाली, "ह्याला बाहेर बसवा."

"नातेवाईक बाहेर," दस्तगीरभाई म्हणाले, जणू तसा नियमच होता.

मी बाहेर स्टुलावर बसलो. माझ्या डोक्यावर नंबरप्लेटा लटकत होत्या. आत मशीन सुरू झालं, आणि तो आवाज ऐकून माझ्याच हाताला मुंग्या आल्या. मला तिचाही राग येत होता आणि माझाही. त्यातल्या त्यात तिचा धरून ठेवणं सोपं होतं, म्हणून मी तोच धरून बसलो. रेडियमच्या गुंडाळ्यांमधून तिचा चेहरा दिसत होता. ती बोलत होती. दस्तगीरभाईंशी, माझ्याशी नाही. पण तिला माहीत होतं की मला ऐकू येतंय.

"माझ्या तिघी बहिणींच्या हातावर नावं आहेत," ती म्हणत होती. "मंगल, शांता, शेवंता. गावच्या जत्रेत गोंदणारी यायची. एकदा आम्हा चौघींना घेऊन आई गेली. रांगेत मी शेवटची. तिघींचं झालं. मी हात पुढं केला. गोंदणारीनं विचारलं, हिचं काय नाव? आईनं माझा फ्रॉक धरून मागं ओढलं. म्हणाली, हिचं राहू द्या. हिचं बदलायचंय अजून."

"हात हलवू नका."

"हलवत नाही. मला बत्तासे घेऊन दिले. पुढच्या वर्षी भाऊ झाला. मग कोण बदलतंय? औषध लागू पडलं."

मशीन थांबलं. दस्तगीरभाईंनी शाई पुसली. मशीन परत सुरू झालं.

"हे नाव मी ठेवलं नाही," आई म्हणाली. "ज्यांनी ठेवलं त्यांना लाज वाटायला पाहिजे होती. पण ती सगळी मीच सांभाळायची, असं ठरलं. लग्नात ह्यांनी नाव बदललं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, नशीब तुझं. मी पण म्हणाले, नशीब. आणि आता बघा. सातवीला केंद्रात पहिली आले ती कोण? नकुसा. चार किलोमीटर चालत शाळेत कोण जायची? वैजयंती नव्हे. ती सगळी बाई ह्यांनी तांदळात पुसली आणि त्यांनी चौकटीत घातली. मी विचारते, मग मी कुठं होते?"

दस्तगीरभाईंनी तिचा हात थोडा फिरवून धरला. मग ते म्हणाले, "काना जरा दुखेल. हाडाजवळ येतोय."

"येऊ द्या," आई म्हणाली.

अण्णांनी ते संध्याकाळी पाहिलं. पारदर्शक प्लास्टिकखाली, सुजलेलं, लाल कडांचं. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. दोन्हीकडून तेच लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "लोक मला काय म्हणतील?" आई म्हणाली, "तुम्हाला कशाला म्हणतील? तुमचं नाव कुठंय ह्याच्यात?" अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. पण शुक्रवारी त्यांना डबा मिळाला. आईने तो त्यांच्यासमोर असा आदळला की त्यांनी तो मुकाट्याने उचलला.

रविवारी तेही आले. मला वाटलं नव्हतं. आई म्हणाली, "या. श्रद्धांजलीला माणसं लागतात."

तारुखवाडीच्या शाळेच्या पटांगणात मांडव होता. सत्तर-ऐंशी माणसं, बायकांच्या अंगावर एकसारख्या मोरपिशी साड्या. आई पिवळ्या साडीत, लांब बाह्यांचा ब्लाउज. तिला कुणी ओळखलं नाही. दारात एकीने विचारलं, "कुणाच्या मिसेस?" आई म्हणाली, "ह्यांच्या," आणि अण्णांकडे बोट केलं. त्या बाईने अण्णांना वर्गमित्र समजून गुलाबाचं फूल दिलं. अण्णांनी घेतलं. ते त्या दिवशी कुणी काहीही दिलं असतं तर घेतलं असतं.

स्टेजवर मोठा फ्लेक्स होता. भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली पाच नावं. चार नावांजवळ फोटो, एका नावाजवळ फोटो मिळाला नाही म्हणून कमळ. 'कै. नकुसा ज्ञानू शेडगे.'

संयोजक शेलार म्हणून कुणी होते. ते माइकवर आले. "आपल्यातून निघून गेलेल्या पाच सवंगड्यांसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. आम्ही तिघंही. मी आयुष्यात पुष्कळ विचित्र ठिकाणी उभा राहिलोय, पण शेजारी जिवंत उभ्या असलेल्या आईला श्रद्धांजली वाहायची वेळ पुन्हा आली नाही. मी खाली मान घालून बघत होतो. आई मान वर करून स्वतःचं नाव वाचत होती. मग, कुणी बसायच्या आत, ती चालायला लागली.

"वैजू," अण्णा हळू म्हणाले. "वैजू, बस."

तिने मागे पाहिलं नाही. पायऱ्या चढली, तोवर खाली सगळे बसले. शेलारांना वाटलं, कुणी पाहुण्या बोलणार असतील. त्यांनी माइक पुढे केला. तिने तो घेतला नाही. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात वर केला, शाळेत हजेरीला करतात तसा.

दस्तगीरभाईंचं अक्षर मागच्या रांगेपर्यंत वाचता आलं. आधी पुढचे कुजबुजले. मग मधूनच एक जाड बाई उठली, खुर्च्या ढकलत पुढे आली आणि स्टेजखाली उभी राहून ओरडली, "अगं सटवे, तू मेली होतीस ना?" आणि रडायला लागली. पुढे कुणी हसायला लागलं, कुणी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे सर काठी टेकत उभे राहिले आणि वर्गात हाक मारावी तसं म्हणाले, "नकुसा." तेव्हा आईने वळून पाहिलं. लगेच.

शेलार पांढरे पडले होते. "ताई, माफ करा. फार मोठी चूक झाली. तीन महिने शोधलं हो. नवीन नाव सांगा तुमचं, यादीत घालतो. आणि हे..." ते फ्लेक्सकडे वळले. "हे नाव आत्ता कापून काढतो."

"नाव कापायचं नाही," आई म्हणाली. माइक अजून चालूच होता, सगळ्यांना ऐकू आलं. "त्याच्या आधीचं 'कै.' कापा."

"पण ताई, मग श्रद्धांजलीच्या खाली..."

"राहू द्या."

"ते कसं दिसेल?"

"तीन महिने कसं दिसत होतं?"

शेलारांनी ऑफिसातून कात्री मागवली. मी उठलो, टेबल फ्लेक्सखाली सरकवलं आणि धरून उभा राहिलो. ते वर चढले. कात्रीचं टोक 'कै.'च्या मात्रेत घुसलं आणि मागची शाळेची भिंत दिसायला लागली. ऐंशी माणसं बघत होती. आई खाली उभी होती, बाही अजून वर सारलेली, हात सुजलेला.

"वाकडं कापलं तरी चालेल," ती शेलारांना म्हणाली. "नावाला लागू देऊ नका."